साबेराच्या आवडीचा पिक्चर

साबेराला तिचा आवडता पिक्चर कोणता, असं आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारलं तेव्हा ती साठीला टेकली होती, आणि विचारलं तेही घरातल्या बाकी सगळ्यांना विचारून झाल्यावर. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. राजिवड्यातल्या त्या घरात माणसं चांगलीच आहेत. पण चांगल्या माणसांनाही काही गोष्टी सुचायला उशीर होतो, त्याला कोण काय करणार.

झालं असं की तिचा मुलगा अद्नान डिसेंबरात दोह्याहून सुट्टीवर आला आणि येताना प्रोजेक्टर घेऊन आला. केवढा, तर जेवणाच्या डब्याएवढा. भिंतीवर रोखला की भिंतभर चित्र. पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्यावर मक्केची नमाज बघितली, दुसऱ्या दिवशी अद्नानच्या निकाहाचा व्हिडिओ बघितला, आणि तिसऱ्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला सुचलं की आता अंगणात चादर बांधून चार माणसं बोलवावीत आणि एखादा पिक्चर दाखवावा. आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाने मोहल्ल्याला पिक्चर दाखवायचा, ही तशी त्या घरातली जुनी रीत. अद्नानचा बाप मुसा कुवेतला क्रेन चालवायचा, तेव्हापासूनची. मध्यंतरी घरोघरी टीव्ही आले, मग हातोहाती फोन आले, आणि रीत मोडली. ती आता पुन्हा सुरू करायची म्हणून मुसाला कोण आनंद झाला.

पण कोणता पिक्चर? इथे घोडं अडलं. अद्नानला मारामारीचा हवा होता, ज्यात इमारती कोसळतात. त्याच्या बायकोला, फिजाला, रडायचा हवा होता. मुसाचं म्हणणं, मोहल्ल्यातली म्हातारी माणसं येणार, मान खाली घालायची वेळ येईल असं काही नको. आणि कुंपणाच्या गडग्यापलीकडे राहणारा रावजी, मुसाचा शाळेपासूनचा दोस्त, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला, तो रोज संध्याकाळी येऊन प्रत्येकाच्या पिक्चरला नाव ठेवून जायचा. स्वतःचा एकही सुचवायचा नाही. गाडी दुसऱ्याने चालवायची आणि ब्रेक याने मारायचे, अशातली गत. तीन संध्याकाळी हा घोळ चालला. शेवटी फिजाच म्हणाली, अम्मांना तरी विचारा.

साबेरा मागल्या दारी सुरमई कापत बसली होती. अद्नानने तिथूनच विचारलं. तिने मान वर केली नाही, विळीवरचा हातही थांबवला नाही.

"बंदराचा पिक्चर," ती म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली की जणू कोणी विचारायचीच वाट बघत होती. आणि ती वाट बघतच होती, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मुसा मात्र खूश. त्याने रावजीला गडग्यावरून हाक मारून सांगितलं की बघ, हिला काय, माझी आवड तीच हिची आवड, इतकी वर्षं एका ताटात जेवलो की असं होतं. एका ताटात जेवले हे त्याचं म्हणणं जरा सैलच होतं. तीस वर्षांच्या नोकरीत मुसा दोन वर्षांतून दोन महिने घरी यायचा. राहिलेला सगळा वेळ त्याचं ताट कुवेतला आणि हिचं राजिवड्यात. पण आनंदात माणूस बोलतो, ते मनावर घ्यायचं नसतं.

बंदराचा पिक्चर हे काही त्या पिक्चरचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण त्याची कॅसेट मुसाने कुवेतहून आणली तेव्हा तिच्यावरचा कागद फाटलेला होता, आणि पिक्चरात नायक बंदरावर गोणी वाहतो म्हणून घरात त्याला तेच नाव पडलं. मुसाने व्हीसीआर आणला त्याच खेपेला ही एक कॅसेट आणली. बाकीच्या कॅसेटी गोखले नाक्याकडून भाड्याने आणायला लागायच्या. ही घरची. म्हणून मुसा सुट्टीवर आला की पहिला मान हिचा.

मुसा आल्याची बातमी मोहल्ल्यात फिरायची, आणि दुसऱ्याच संध्याकाळी माजघरात पाय ठेवायला जागा नसायची. मुसाच्या बहिणी, त्यांची पोरं, शेजारपाजार, मिरकरवाड्याहून आलेले खलाशी दोस्त, आणि सगळ्यांत पुढे रावजी. व्हीसीआर तापतो म्हणून त्याच्यावर टेबलफॅन सोडायचा. माणसं घामाने निथळायची, पण वारा मशीनला. अर्धा पिक्चर झाला की मशीनला विश्रांती द्यायची, तेवढ्यात चहा. आणि मग पुढे आणखी एकदा चहा. इतक्या माणसांचा चहा, त्याबरोबर कधी सांदण, कधी समोसे, कधी नुसतेच बटर, हे सगळं आतून यायचं. आत साबेरा होती.

ती लग्न होऊन आली पूर्णगडहून. बाप तांडेल, घरची होडी, घरात भाऊच भाऊ. लग्नाआधी तिने पिक्चर असा एकच बघितलेला, तो उरुसाला आलेल्या तंबूत, आणि त्यातही अर्ध्यावर भावाला ताप भरला म्हणून उठून यावं लागलं. सासरी व्हीसीआर येणार हे कळल्यावर तिला किती आनंद झाला होता, ते तिने माहेरीसुद्धा कोणाला सांगितलं नाही. नव्या सुनेने असल्या गोष्टीचा आनंद दाखवू नये, एवढं तिला कळत होतं. पण पहिल्याच संध्याकाळी सासूने तिच्या हातात पातेलं दिलं. सासू काही छळणारी नव्हती. ती आपली दाराशी पाट टाकून बसायची, अर्धं लक्ष पिक्चरात आणि अर्धं आत, आणि कोणाचा कप रिकामा दिसला की नुसती मान वळवायची. त्या मान वळवण्यात सगळं आलं.

तर असा हा पिक्चर साबेराने कानांनी बघितला. एकदा नव्हे, मुसाच्या प्रत्येक सुट्टीत, कधी एका सुट्टीत दोनदोनदा. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यात चिऱ्याची भिंत. आवाज यायचा, चित्र नाही. हळूहळू तिला सगळे संवाद पाठ झाले. कोर्टातलं वकिलाचं भाषण ती भाकरी करताना अख्खं म्हणायची, आरोळीसकट. मुलं लहान असताना ते ऐकून हसायची आणि सांगायची, आमच्या अम्माला बंदराचा पिक्चर तोंडपाठ आहे. त्यावरून सगळे धरून चालले की तिने तो पन्नासदा बघितलाय. तिनेही कधी खोडून काढलं नाही. काय खोडायचं? मी तुमच्या चहात होते, असं सांगितलं असतं तर मुसाला वाईट वाटलं असतं, सासूला तो टोमणा वाटला असता, आणि नणंदा म्हणाल्या असत्या, अगो मग यायचंस की बाहेर, तुला कोणी बांधून ठेवलेलं? आणि खरंच कोणी बांधून ठेवलेलं नव्हतं, हीच तर पंचाईत.

पण सगळा पिक्चर कानांनी बघता येत नाही. त्यात एक जागा होती. दुसऱ्या चहाच्या जरा आधी. त्याआधी नायकावर चोरीचा आळ येतो, तो बोटीवरून पळून जातो, बायको पोराला घेऊन मागे राहते, हे सगळं बोलण्यातून कळायचं. मग कधीतरी दाराची कडी वाजायची, आणि त्यानंतर काही नाही. बोलणं नाही, गाणं नाही, वाजंत्री नाही. साबेराच्या स्टोव्हची घरघर तेवढी. आणि माजघरात इतकी माणसं बसलेली असून कोणी खाकरायचं नाही. मग एकेक नाक ओढल्याचा आवाज सुरू व्हायचा. आधी बायका, मग पुरुष. रावजीसारखा दगड, एसटी घाटात बंद पडली तरी बिडी ओढत बसणारा, तोही रडायचा. आणि मग मुसाची हाक यायची, घसा भरून आलेली, साबेरा, चाय.

तिथे काय होतं, हे तिला कधी कळलं नाही. पहिल्या वर्षी तिने मुसाला विचारलं. तो झोपेत होता. म्हणाला, काय नाय, तो येतो, बघतो, नि जातो. आता याच्यात रडण्यासारखं काय? मुसा स्वतः दर दोन वर्षांनी यायचा, बघायचा आणि जायचा. त्याला जर रडायचं म्हटलं तर तिला दुसरं कामच उरलं नसतं. म्हणून तिने ते उत्तर खरं मानलं नाही आणि आपल्या मनाने त्या जागेत काय काय भरत गेली. नवी नवरी होती तेव्हा तिला वाटायचं, नायक बायकोला जवळ घेतो आणि दोघांनाही बोलायला सुचत नाही. अद्नान तान्हा असताना त्याला डांग्या खोकला झाला, त्या वर्षी तिची खात्रीच झाली की नायकाचं पोर गेलेलं असणार. सासूशी काही दिवस अबोला होता तेव्हा तिने ठरवलं, तो बायकोच्या पाया पडतो. पुढे मुसाची पत्रं थांबून फोन सुरू झाले, आणि फोनवर दोघंही मिनिटं वाया जातील म्हणून नुसतं हो-नाही करायची, तेव्हा तिला वाटलं की कदाचित ती दोघं नुसतीच बसून राहत असतील. एकदा तिने डोकावून बघायचा प्रयत्न केला. स्टोव्ह बारीक केला आणि दारापर्यंत आली. सासूने मान वळवली. ती परत गेली.

मग एका पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरली. कोकणात बुरशी कशाला धरत नाही? मुसाने ती उन्हात वाळवली, फडक्याने पुसली, पण पट्टी चिकटून बसली ती बसलीच. पिक्चर गेला. टीव्हीवर एकदा तो लागला तेव्हा नेमके नणंदेकडचे पाहुणे जेवायला. आता तर तो फोनवर मिळतो म्हणतात, पण शोधायचा तर अद्नानला नाहीतर फिजाला सांगायला हवं, आणि सांगायचं तर कारण सांगायला हवं. आणि तिला तो एकटीने कोपऱ्यात वीतभर काचेवर बघायचाही नव्हता. जसा सगळ्यांनी बघितला तसा, सगळ्यांत बसून बघायचा होता. एवढी एकच इच्छा. हजची इच्छा तिची पुरी झाली होती, नातवंडं झाली होती, गुडघे अजून चालत होते. ही एक तेवढी राहिली होती, आणि असली इच्छा माणूस कोणाला सांगत नाही, कारण ती फार लहान असते.

अद्नानने बंदराचा पिक्चर शोधून काढला. प्रिंट खास नव्हती, मधूनमधून रेघा यायच्या, पण होता अख्खा. शनिवार ठरला. आणि मग मुसाने आमंत्रणं सुरू केली. घरची आणि रावजीची मिळून पंधरा माणसं म्हणता म्हणता त्याने जुन्या मंडळींतल्या ज्यांची आठवण आली त्या सगळ्यांना फोन केले. जे वारले होते त्यांच्या मुलांना केले. गणपतीपुळ्याला लॉज चालवणाऱ्या एका जुन्या कुवेतवाल्या दोस्ताला केला, तर तो म्हणाला आम्ही सहाजण येतो. मुसाने फोन ठेवला आणि मोठ्या प्रेमाने आत सांगितलं, चहाचं बघ हां जरा.

साबेराने कपाळाला हात लावला नाही, पण तिला पुढचं सगळं लख्ख दिसलं. पुन्हा तीच संध्याकाळ. फक्त स्टोव्हच्या जागी गॅस.

पण साठ वर्षांची बाई आणि वीस वर्षांची सून यांच्यात फरक असतो. तिने ठरवलं, काय व्हायचं ते व्हावं, ही जागा चुकवायची नाही. शनिवारी सकाळपासून ती कंबर कसून लागली. दुपारीच समोसे तळून डब्यांत भरले. शेजारपाजारचे सगळे थर्मास मागून आणले. कागदी कप आणवले, म्हणजे धुण्याची भानगड नको. फिजा म्हणाली, अम्मा, एवढी घाई कशाला, संध्याकाळी गरम गरम करू की. तर साबेरा तिच्यावर उगाच खेकसली. फिजाला काही कळेना, कारण सासू तिच्यावर सहसा खेकसत नाही. ती बिचारी गप्प बसून थर्मास विसळत राहिली.

मगरिबची नमाज झाली आणि माणसं यायला लागली. अंगणात पुढे चटया, मागे खुर्च्या. आंब्याच्या दोन झाडांना चादर ताणून बांधलेली. मुसा पुढच्या खुर्चीत बसला, शेजारी रावजी. मुसा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की पिक्चर साबेराच्या आवडीचा आहे हां. साबेराने स्वयंपाकघराच्या दाराजवळ शेवटची खुर्ची धरली, अंगावर शाल घेतली आणि बसली.

पहिला अर्धा तास तिचा नुसता गोंधळ उडाला. आवाज सगळे ओळखीचे आणि तोंडं एकही नाही. जो भारदस्त आवाज ती इतकी वर्षं नायकाचा समजून मनातल्या मनात पूजत होती, तो निघाला शेठजीचा, चांगला गुबगुबीत, गळ्यात सोन्याची साखळी. नायक आपला हडकुळा, खांदे पडलेला, बोलायचाही नाही फारसा. नायिकेची मैत्रीण म्हणून तिने जी कल्पिली होती ती चक्क नायिकेची सासू होती. आणि कोर्टातलं भाषण ठोकणारा वकील, ज्याची ती नक्कल करायची, तो अजून यायचाच होता, पण आता त्याच्याबद्दलही तिला धाकधूक वाटायला लागली. तिला हसू येत होतं आणि जरा फसवल्यासारखंही वाटत होतं. म्हणजे या इतक्या वर्षांत आपण भलताच पिक्चर बघत होतो.

त्यात तिला नीट बसू कोण देतंय. गणपतीपुळ्याची मंडळी उशिरा आली आणि सहाची नऊ होऊन आली, त्यांना पाणी द्यायला उठली. कोणाच्या पोराला शी लागली, त्याला दिवा लावून द्यायला उठली. एका म्हातारीला थंडी वाजत होती, तिला गोधडी द्यायला उठली. प्रत्येक वेळी परत येऊन बसली की पिक्चर पुढे सरकलेला. फिजा धावतच होती, पण पाहुणे फिजाला ओळखत नव्हते. ते साबेराला ओळखत होते. सवय दोन्ही बाजूंनी असते.

इशाची अजान झाली तसा अद्नानने पिक्चर थांबवला. पुरुष मशिदीत गेले, बायका आत नमाजेला उभ्या राहिल्या. ते सगळे परत आले तेव्हा साबेराने थर्मास बाहेर आणून ठेवले होते. चहा, समोसे, ज्याला बिनसाखरेचा त्याला बिनसाखरेचा, सगळं एका दमात वाटून मोकळी झाली. मुसाने दोन कप घेतले. रावजीने तीन. कोणी उपाशी नाही, कोणी तहानलेलं नाही, हे तिने उभं राहून एकदा नजरेने बघून घेतलं. मग अद्नानने दिवा मालवला, आणि अंधार झाला तशी ती दाराजवळच्या खुर्चीवर गेलीच नाही. तिथे बसलं की माणूस हाताशी असतो, कोणीही हाक मारतं. ती सरळ माणसांतून वाट काढत पुढे आली. मुसाच्या मागच्या रांगेतून गणपतीपुळ्याचा एक पोरगा चटईवर सरकला होता. त्या रिकाम्या खुर्चीत, बरोबर नवऱ्याच्या पाठीमागे, ती बसली. मुसाने वळून बघितलं नाही.

बोट सुटली. नायक गेला. वर्षं गेली म्हणून झाडाची पानं गळताना दाखवली. साबेराचे हात शालीत घट्ट आवळले गेले होते. आता येणार. तिला ते संवादावरून कळत होतं. शेठजी दोन वाक्यं बोलला, ती तिने त्याच्याबरोबर ओठांत म्हटली. आणि दाराची कडी वाजली.

पडद्यावर पहाट होती. नायक दारात उभा, दाढी वाढलेली, हातात गाठोडं. आत त्याची बायको चुलीपुढे. पाठ दाराकडे. भाकरी थापत होती. साबेराच्या मनात आधी आलं ते हे, की हिला भाकरी येत नाही, कडा बघा केवढ्या जाड. मग तिची ती भाकरी तव्यावर गेली. मनगटाने तिने कपाळावरचे केस मागे सारले. निखारे पुढे ओढले. डोळ्यांत धूर गेला तसे पदराने डोळे पुसले. पुन्हा पीठ घेतलं. तो तसाच उभा. तिला पत्ता नाही. ती मागे बघतच नाही, कारण तव्यावर भाकरी आहे, आणि तव्यावर भाकरी असताना कोणी मागे बघत नाही. तो तिच्या पाठीकडे बघतो, बघतो, आणि गाठोडं सावरून निघून जातो.

बस. एवढंच.

अंगणात कोणी खाकरत नव्हतं. मग आजूबाजूला नाकं ओढल्याचा आवाज सुरू झाला. बायका, मग पुरुष. पुढे रावजीचे खांदे हलायला लागले. मुसाने रुमाल काढला.

साबेराच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मुसाने तिला खरंच सांगितलं होतं, अक्षरशः खरं, तो येतो, बघतो, नि जातो. पण ती काय करत होती ते त्याने सांगितलं नव्हतं. आणि ती काय करत होती, तर जे साबेरा तेव्हा भिंतीपलीकडे करत होती तेच. इतक्या सुट्ट्या, इतक्या संध्याकाळी, माजघरभर माणसं चुलीपुढच्या एका पाठमोऱ्या बाईला बघून हमसून हमसून रडत होती. तिला राग आला. असा राग तिला फार वर्षांत आला नव्हता, आणि तो आला याचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात मुसाने डोळे पुसले. मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली, आणि घसा साफ करून अंधारात हाक मारली.

"साबेरा, चाय टाक गो."

चहा होऊन अर्धा तासही झाला नव्हता. रिकामा कप त्याच्या पायाशीच पडला होता. पण तिथे चहा मागायचा असतो हे त्याच्या घशाला ठाऊक होतं.

"मी हितं हाय," साबेरा म्हणाली.

मुसा दचकला. आवाज दारातून नव्हे, कानामागून आला होता. तो वळला. पडद्यावरच्या उजेडात त्याला बायको दिसली, शाल घेतलेली, सरळ बसलेली.

"कवा आलीस?"

"कवाची बसलंय."

तो उठायला गेला, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याची सावली पडद्यावर पडली तशी मागून पोरांनी ओरडा केला, बसा बसा. तो बसला. पुढे बघतच त्याने हळू आवाजात विचारलं की आवडता पिक्चर तुझा, आणि तू रडलीस नाय?

साबेरा पुढे वाकली. तिला आवाज वाढवायचा नव्हता, पण रावजीला ऐकू गेलं आणि त्याने नाक पुसायचं थांबवलं.

"हा पिक्चर मी आज बघितला," ती म्हणाली. "पयल्यांदा. तुम्ही सगळी तिच्यासाठी रडायचात, नि मंग मला चाय सांगायचात."

मुसाने मागे वळून बघितलं नाही. मानेवरून हात फिरवला आणि तो हात तिथेच ठेवून बसला. रावजी समोर चादरीकडे बघत राहिला. स्वयंपाकघराच्या दारात फिजा दिसली, हाक ऐकून ती पातेलं घेऊन उठली होती. साबेराने तिला हाताने खूण केली, ते ठेव आणि इकडे ये. फिजा आली. खुर्ची नव्हती म्हणून ती सासूच्या पायाशी चटईवर बसली, आणि वकील कोर्टात उभा राहिला.